द्वादशीच्या गोगलगायी

"तुमच्या मेलेल्या गोगलगायी अस्क्याच्या अस्क्या हिंडताहेत," अंबुजा म्हणाली.

तुंगा गाईच्या कपाळाला कुंकू लावता लावता सेतुरामचा हात थांबला. त्याने बायकोच्या हातातल्या पितळी गडूत डोकावून पाहिलं. काल पट्टीश्वरम गावच्या तळ्यातून उचलून आणलेल्या गोगलगायी शिंगं बाहेर काढून सावकाश वर चढत होत्या. सगळ्याच्या सगळ्या जिवंत, एकही मेलेली नव्हती.

"ह्यांत तूं घातलंस काय?"

"पाणी. एकादशीला मेला जीव टाकूं नये, म्हणून द्वादशीवर ठेवलं. ओव्याचा वास सोसेना, म्हणून दोनदां पाणी बदललं. आणखी काय घालूं?"

पट्टीश्वरमच्या गाई दिवसाढवळ्या, उभ्या उभ्या घोरत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या घोरण्याच्या रोगाचे किडे तळ्यातल्या गोगलगायींच्या अंगात वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या गाईच्या कातडीतून आत शिरतात. गोगलगायी मारा, रोग थांबेल. मोरचूद टाकावं म्हटलं तर मासे मरतील, म्हणून गाव तयार होईना. तेव्हा सेतुराम बोलून बसला होता, "माझं ओव्याचं तेल टाकून पाहा." मद्रासची बाटलीतली अत्तरं आल्यापासून त्याची अर्काची भट्टी दोन वर्षं थंड पडली होती. तेल लागू पडलं असतं तर आसपासच्या सगळ्या गावांनी त्यालाच बोलावलं असतं.

काल सकाळी साबणाच्या पाण्यात घुसळून त्याने ते तेल गुरांच्या तळ्यात ओतलं. संध्याकाळी काठाला गोगलगायींचा थर लागला. लोक खूश झाले. गावचा म्होरक्या महालिंग तेवढा हसला नाही. त्यानेही मूठभर गोगलगायी आपल्या तांब्यात टाकल्या आणि म्हणाला, "उद्या आधी तुमची गाय उतरू दे, मग आमच्या." सेतुरामने मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती.

म्हणजे तेलाने त्यांना नुसती गुंगी आली होती. तळ्यात कालव्याचं ताजं पाणी येतच असतं, तिथल्याही आज जाग्या होऊन तळाशी जाणार. पण तळाशी कोण बघायला जातंय, आणि महालिंगच्या तांब्यातलं पाणी कोण बदलतंय? रोग दिसायला महिने लागतात. तोवर पोंगल उलटून जाईल, आणि गाय घोरायला लागली की लोक शंभर कारणं सांगतात. त्याने तुंगाचं दावं हातात घेतलं.

अंबुजा गाईच्या मानेवरून हात फिरवत होती. "किती शांत निजते ही," ती म्हणाली. "श्वाससुद्धां ऐकूं येत नाही."

सेतुरामने दावं खुंटीला अडकवलं, गडूच्या तोंडाला फडकं बांधलं आणि निघाला.

दोन कोसांची वाट त्याला खायला उठली. अरसलार नदीच्या पुलावर तो थांबला. गडू इथेच उपडा केला, घरी परतून गाय आणली, तर अजूनही वेळ होता. त्याने फडक्याची गाठसुद्धा चाचपली. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तो पुढे चालू लागला.

तळ्यावर चाळीसेक गाई दाव्याला धरून माणसं उभी होती. सगळ्यांनी आधी त्याच्या मागे पाहिलं. मागे गाय नव्हती.

सेतुरामने फडकं सोडलं आणि गडू महालिंगसमोर पायरीवर ठेवला. "मेल्या नाहीत," तो तमिळमध्ये म्हणाला. "गाई उतरवू नका. माझं चुकलं."

एका म्हाताऱ्याने आपली गाय मागे ओढली. महालिंग वाकून गडूत बराच वेळ बघत राहिला.

"नवं तेल कधी काढताय?" त्याने विचारलं.

तो थट्टा करतोय असं वाटून सेतुरामने मान खाली घातली. तेवढ्यात महालिंगने पाठीमागे ठेवलेला आपला तांब्या उचलून गडूशेजारी ठेवला. तांब्याच्या काठावरून एक गोगलगाय खाली उतरत होती.

"मला पहाटेच कळलं होतं," महालिंग म्हणाला. "तुम्ही गाय आणता की गडू, तेवढंच पाहायचं होतं."