उत्तरेकडची रेघ

प्रवासपुस्तकासाठी त्याला एका भल्यामोठ्या बेटाच्या नकाशाचे पाच भाग पाडायचे होते. संपादकबाईंनी बजावलं होतं, "दोन भागांमधली रेघ अशा गावावरून ने, जिथं कुणी चुकूनही फिरकत नाही. नाहीतर हॉटेलवाले बोंब मारतील, आमचं गाव अर्धं कापलं म्हणून!"

बाकीच्या रेघांनी त्याचा जीव खाल्ला. किती वेळा आखल्या, किती वेळा पुसल्या. उत्तरेकडची रेघ मात्र त्याने डोळे मिटून मारली. तिथलं गाव त्याला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याच गावातून आईचा फोन आला. "झालं का रे बेट वाटून? आपलं घर कुठल्या भागात घातलंस?"

मग तीच म्हणाली, "कुठंही घाल बाबा. मी आपली पुढची खोली आवरून ठेवलीय. पुस्तक बघून तरी कुणी येईल."