शोधायचा वेग

इस्पितळाच्या रेकॉर्डरूमचे काका भलते हट्टी. नवा डेटाबेस विकायला आलेल्या पोरीला गेल्या वर्षी त्यांनी वाटेला लावलेलं: "कागद काय पळून जातायत? जुनाच बरा!" आज डॉक्टरीणबाईंनी तिला परत बोलावलं. "दोन्ही शेजारी लावा. काका, तुम्हीच निवडा." "कुठलाही शब्द सांगा, लाखभर केसपेपरांतून शोधते," पोरगी म्हणाली. "पेनिसिलिन," काकांच्या तोंडून निघालं. जुन्याचं पडद्यावरचं चाक गरगरतच राहिलं. नव्यानं पापणी लवायच्या आत यादी टाकली. तिसरंच नाव काकूंचं, लग्नाआधीचा केसपेपर: हे इंजेक्शन हिला चालत नाही. चार महिन्यांपूर्वी काकू बेशुद्ध असताना डॉक्टर पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून ह्याच दारात थांबलेले: "जुनी नोंद बघा, दहा मिनिटं आहेत." चाक थांबेना; काकाच वैतागून म्हणाले, "जुनं काही नाही, टोचा." तासाभरात काकू गेल्या. "बघितलंत? अर्धा सेकंद!" पोरगी खूश. "तिच्याकडे दहा मिनिटं होती गं," काका म्हणाले.