महाराणीचा उपास

आजही महाराणीनं गांडुळाकडे ढुंकून पाहिलं नाही. काचेला नाक घासत ती पेटीच्या या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिली. लाकी चिमटा हातात धरून तसाच उभा.

"खा की गं बाई," तो कळवळून म्हणाला. "कुणाचा जीव घेतेस?"

हे तो उगाच म्हणत नव्हता. तिकडे विनिपेगच्या इस्पितळात त्याच्या बायकोनं, गुड्नीनं, अन्न सोडलं होतं. पोटाची शस्त्रक्रिया नीट झाली, जखमही भरली. डॉक्टर म्हणाले, आता औषध एकच, जेवण. पण गुड्नीचं एकच पालुपद, पुरे झालं आता. सूप आलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. लाकीनं हात जोडले, आरडाओरडा केला, शेवटी तिच्या उशाशी बसून चक्क रडला.

तेव्हा कुठे ती म्हणाली, "बरं. घरी माझा साप जेवला की त्या दिवशी मीही जेवेन. घरी जा नि सकाळी फोन करून सांगत जा."

साप म्हणजे काय, दीड हात लांब, अंगावर पट्टे, बाजूला तांबडे ठिपके. हिवाळाभर तळघराच्या गारठ्यात झोपायचा. इस्पितळात जायच्या आधी गुड्नीनंच त्याला वर आणून काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ती करत असलेले त्याचे लाड पाहून लाकी चिडून त्याला 'महाराणी' म्हणायचा. जन्म मासेमारीत गेलेल्या माणसाला सापाचं कसलं कौतुक! आणि सरोवरावरचा बर्फ फुटायच्या या दिवसांत तो दरवर्षी काठावरच्या तळावर असायचा, जाळी विणत, बोटीला डांबर लावत. या वर्षी पहिल्यांदाच तो घरी होता.

पहिल्या सकाळी त्यानं फोन लावला.

"खाल्लं?" गुड्नीनं विचारलं.

"खाल्लं." तोंडातून निघूनच गेलं.

"काय खाल्लं?"

"गांडूळ."

"कसं खाल्लं?"

"कसं म्हणजे? तोंडानं!"

पलीकडे खाट करकरली, ती उठून बसली असावी.

"बरं," मग ती हळूच म्हणाली. "सूप मागवते."

लाकीनं फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. बायको लबाडीवर जेवत होती. उद्या हे जनावर मेलं, तर तिला काय सांगायचं? खोटं उघडं पडलं की ती पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि मग काही उरणार नाही.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. अंगणातली माती अजून गोठलेलीच होती. ती पहारीनं फोडून त्यानं गांडुळं काढली. पिकरेल माशाचे तुकडे केले, वास लागावा म्हणून त्यांना गांडुळं चोळली. पेटीवर टॉवेल टाकला, काढला, पुन्हा टाकला. दिवा जवळ आणला. महाराणी नुसती फिरायची. तिच्या मागे लाकीही घरभर फिरायचा.

शेजारची स्लावका बटाट्याचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, घेऊन आली, तर हा पेटीसमोर गुडघ्यावर.

"असा डोळे वटारून बसलास तर मीसुद्धा जेवणार नाही," ती म्हणाली. "सासरी छळ चाललाय की काय बिचारीचा?"

"थट्टा नको गं स्लावका. वाळून चाललीय बघ."

"आणि तू? आरशात पाहिलंस का? गप हे खाऊन घे." ती खुर्चीवर टेकली. "यायला उशीर झाला रे. तिकडे खडकांतले साप बाहेर पडलेत. रस्ताभर गुंते नुसते. लगीनघाई मेल्यांची! गाडी पुढे काढायची म्हणजे दिव्यच."

लाकीचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. महाराणीनं माशाचा तुकडा नाकानं बाजूला सारला होता.

सकाळचा फोन मात्र चुकला नाही. हळूहळू त्याची लबाडी रंगायला लागली.

"आज मासा. केवढा तुकडा! एवढा."

"फोनवर एवढा दिसतो होय रे, म्हाताऱ्या?" गुड्नी हसली. शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदाच हसली होती. "आणि खाऊन झाल्यावर काय केलं?"

"ढेकर दिली."

"सापानं?"

"मोठी दिली!"

ती खोकेपर्यंत हसली. त्या दिवशी तिनं पाव खाल्ला. पुढे तर आलुबुखारच्या सारणाचा थरांचा केक हवा म्हणून नर्सशी भांडली. बाई धडधाकट झाली, घेऊन जा, असा निरोप आला.

गाडीतून येताना लाकी घरी गेल्यावर काय सांगायचं तेच घोळवत होता. वाटेत साप रस्ता ओलांडत होते. गुड्नीनं गाडी थांबवायला लावली, शेवटचा साप पलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. लाकीला तो हात जड वाटला.

घरात शिरताच ती कोटासकट पेटीपाशी गेली. आत साप काचेला नाक घासत फिरत होता, चांगलाच रोडावलेला.

लाकीला राहवेना. "गुड्नी, मी खोटं बोललो. एक घाससुद्धा खाल्लेला नाही तिनं. काय वाटेल ते बोल मला, पण जेवण सोडू नकोस."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या फोनपासून." तिनं झाकण काढून हात आत घातला. साप तिच्या मनगटाला वेढा घालून वर चढला. "तुझी ही महाराणी नर आहे, लाकी. थंडीतून उठला की मादीच्या शोधात असाच फिरतो. महिना, सव्वा महिना अन्नाला शिवत नाही. दरवर्षी. म्हणून तर जेवण टाळायला तसली अट घातली होती मी. पण तू माझ्यासाठी खोटं बोललास, मग कसली टाळतेय!"