तिसरं वळण

तिसऱ्या वळणावर गाडी पुन्हा गर्रकन फिरली, कडेच्या पाइपावर चढली आणि उताणी पडली. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"मागनं सुटतीया," बिरप्पा रिमोट नाचवत ओरडला. "टायरच रद्दी हायत. बदल ते."

"टायर चांगले हायत की, आप्पा."

"बदल म्हनलं न्हवं!"

संस्कृतीने गाडी उचलून आणली. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी रेसची मोटार. जुने सुटे भाग जमवून तिनेच बांधलेली. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, बोटांना बारीक स्क्रूची सवय. गाडी जुळवायची लेकीने आणि पळवायची बापाने, अशी घरात वाटणी होती. दर रविवारी कुंभारी गावाच्या वाटेवर एका मंगल कार्यालयाच्या काँक्रीटच्या आवारात पाइप टाकून ट्रॅक आखला जायचा आणि आठ-दहा जाणती माणसं तिथे शेंबड्या पोरांसारखी भांडायची.

आजचा रविवार मात्र खेळाचा नव्हता. बिरप्पा चौदा वर्षं शाळेची व्हॅन चालवत होता. गेल्या महिन्यात सात रस्ता चौकाच्या वळणावर व्हॅन दुभाजकाला घासली. आत अकरा मुलं होती. कुणाला खरचटलंही नाही, पण एका मुलीच्या आईने तक्रार केली आणि शाळेने त्याला घरी बसवलं. व्हॅनचीच चाकं वाकडी आहेत, असं त्याचं म्हणणं. गॅरेजवाल्याने दोनदा तपासली. दोन्ही वेळा सरळ निघाली. मग त्याने शाळेची वाहतूक बघणाऱ्या माने सरांना गाठलं. "वीतभर वाटेतनं गाडी काढतो मी, सर. माजा हात एकदा बगायला या की." सर गालात हसले, पण यायला कबूल झाले. आज अकरा वाजता ते येणार होते. व्हॅनवरचा हात रिमोटवर दाखवायचा, हे तसं हसण्यासारखंच होतं. पण महिनाभर त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

संस्कृतीने टायर बदलले. मागच्या स्प्रिंगा मऊ घातल्या, म्हणजे वळताना मागची चाकं जमीन धरून राहतात. पुढची चाकं वरून किंचित आत कलवली. गाडीचं बूड आणखी खाली आणलं. बिरप्पाने फेरी मारली. गाडी तिसऱ्या वळणावर शेपूट हलवत पुन्हा पाइपावर गेली.

"काय जुळवलंस गं? ध्यान कुटं हाय तुजं?" असं म्हणून तो तणतणत चहाला गेला.

संस्कृतीने रिमोट उचलला आणि स्वतः एक फेरी मारली. गाडी तिन्ही वळणं अलगद घेऊन परत आली. दुसरी फेरीही तशीच. गाडीत काही खोट नव्हती. सकाळपासूनच नव्हती.

खरं तर तिला ते ठाऊक होतं. दिवाळीपासून आप्पा पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरत होते. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. "थंडी लई हाय," म्हणायचे. थंडी सरली, ऊन तापलं, तरी तो विषय घरात कुणी काढला नाही. तिनेही नाही.

फाटकातून माने सरांची स्कूटर आत आली. बिरप्पा चहा टाकून लगबगीने निघाला. चालता चालता त्याने कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. वर्गात साहेब तपासणीला आल्यावर पोरं करतात तसं. ते बघून संस्कृतीचा जीव तुटला. तिने रिमोटच्या छोट्या पडद्यावर दोन बटणं दाबली. आता रिमोटवरचं, गाडी वळवायचं छोटं चाक थोडंसं हललं तर गाडी दाद देणार नव्हती. ठरवून वळवलं तरच ती वळणार होती.

बिरप्पाने रिमोट घेतला. पहिल्या फेरीत गाडी पाइपाला न शिवता तिसरं वळण घेऊन गेली. दुसऱ्या फेरीतही. पाचव्या फेरीला भोवतालची मंडळी टाळ्या वाजवू लागली. संस्कृतीचं गाडीकडे लक्ष नव्हतं. ती वडिलांच्या बोटांकडे बघत होती. त्या बोटांत रिमोटचं चाक थरथरत होतं आणि गाडी सरळ चालली होती. तिला स्वतःची शरम वाटली. ती अकराही मुलं तिला नावानिशी माहीत होती. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं करता करता गाडी येऊन थांबली.

"मानलं बुवा तुम्हाला," माने सर म्हणाले. त्यांनी खिशातून व्हॅनची चावी काढून पुढे धरली. "तक्रार केलेल्या त्या बाईंना मी समजावतो. उद्या सकाळी सातला या."

बिरप्पाने चावी घेतली नाही. तो रिमोटकडे बघत होता. त्याने रिमोटचं चाक सूतभर डावीकडे फिरवलं, मग सूतभर उजवीकडे. समोर गाडीची चाकं हललीसुद्धा नाहीत. त्याने लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून रडत होती.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. सगळे बघत होते, तरी त्याने तो काढून घेतला नाही.

"चावी ऱ्हाऊ द्या, सर," तो म्हणाला. "माज्या पोरीनं माजा हात ह्या गाडीला कळू दिला न्हाय. व्हॅनला कळतो."