चौथा डबा

"दोन पुष्कळ झाले असते, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," साउंडवाली म्हणाली आणि तिने चौथा सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या बासचा स्पीकरचा डबा, जमिनीवर टेकवला.

खोली ती केवढी! एक सोफा, समोर पडदा आणि आधीचेच हे एवढाले तीन डबे. निवृत्त मोजणीदारांनी नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला आपली आखलेली रेघ पुसायची सवय नसते.

साउंडवालीची कामाची रीत ठरलेली होती. माणूस जिथे बसून ऐकणार तिथे आधी डबा ठेवायचा, बास सुरू करायचा आणि खोलीभर रांगत फिरायचं. जिथे आवाज सगळ्यात भरदार लागेल, ती त्या डब्याची कायमची जागा. ती डबा उचलून सोफ्यावर ठेवायला निघाली, तेवढ्यात मोजणीदार म्हणाले, सोफ्यावर नको, डावीकडच्या भिंतीला टेकवून ठेवा.

"मग बास भिंतीपाशी भरेल. तुम्ही बसाल सोफ्यावर कोरडे."

"चालेल."

ती गुडघ्यांवर रांगता रांगता मध्येच थांबली. या गृहस्थांनी आधीचे तीन डबेही आपण गेल्यावर हळूहळू त्याच भिंतीकडे सरकवलेत, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"माझा धाकटा भाऊ."

"अहो, त्यांना त्रास होईल."

"व्हायलाच हवा," मोजणीदार म्हणाले.

आठ वर्षं झाली होती. आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं यावरून दोघांची जुंपली. आई गेली, भांडण राहिलं. तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं धाकटा रागाने म्हणाला होता. मग यापुढे भिंतीशीच बोल, असं हे म्हणाले होते. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की एकाला चपलेचा अंगठा नीट करायचा असे आणि दुसऱ्याला किल्ली शोधायची असे. दोघेही एकटे, मधे एक भिंत.

सरळ जाऊन दार वाजवा की, असं साउंडवालीने सुचवलंच. ते काय मोजणीदारांना सुचलं नव्हतं? दोनदा दारापर्यंत गेले होते. हात वर उचलला आणि तसाच खाली आला. दार उघडून त्याने तोंडावर लावून घेतलं तर, या धास्तीने ते परत फिरले होते. पण तक्रार करायला माणूस आपण होऊन येतो. तणतणत का होईना, येतो. एकदा उंबऱ्यात आला की त्याला आत कसं बोलवायचं, हे त्यांनी आरशासमोर पाठ करून ठेवलं होतं.

म्हणून रोज संध्याकाळी सहाला ते तोच एक पुराचा सिनेमा लावत. लहानपणी दोघांनी मिळून सात वेळा पाहिलेला. थिएटरातली सगळ्यात स्वस्त जागा भिंतीतल्या स्पीकरशेजारी असे. धाकटा लाकडी भिंतीला पाठ घट्ट लावून बसे आणि पूर आल्यावर पूल कोसळला की म्हणे, दादा, माझ्या पोटात पडला पूल.

पहिल्या डब्याने काही झालं नाही. दुसऱ्याने स्वतःचीच कपाटं थरथरली. तिसरा आल्यावर मात्र सिनेमा सुरू झाला की पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज यायला लागला. वैतागून खुर्ची आतल्या खोलीत नेत असणार. मोजणीदारांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. निदान चिडतोय तरी!

चौथ्या डब्याला वेगळी वायर ओढून घ्या, तोवर तो लावू नका, असं दोनदा बजावून साउंडवाली गेली. मोजणीदारांना कुठला धीर! त्यांनी चारही डबे एकाच बोर्डावर लावले आणि सहाच्या ठोक्याला सिनेमा सुरू केला.

पलीकडे खुर्ची ओढली गेली.

नदी फुगली. भिंतीवरची आईची तसबीर थरथरायला लागली. पुलावर माणसं धावत सुटली, पाणी कमानीला लागलं, मोजणीदारांची छाती आतून दणाणली. आज नक्की येणार तो, त्यांना वाटलं.

आणि फट् झालं. पडदा काळा, पंखा बंद. जुन्या वायरिंगने मान टाकली होती.

मोजणीदार अंधारलेल्या सोफ्यावर बसून राहिले. अशी शांतता त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. आता पाचवा डबा काय आणणार? आपलंच खूळ, दुसरं काय. भाऊ पलीकडे सुटकेचा निःश्वास टाकत असेल, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. डोकं टेकावं इतक्या अंतरावर माणूस आहे आणि आपल्याला तो हवा आहे, एवढी साधी गोष्ट त्याला सांगता येत नाही.

भिंतीपलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. एक दार उघडलं. मग त्यांचं दार वाजलं.

आरशासमोर पाठ केलेलं सगळं वाक्य मोजणीदार विसरले. त्यांनी धडपडत जाऊन दार उघडलं.

समोर धाकटा उभा होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर आणि डोक्यामागच्या पांढऱ्या केसांत भिंतीचा चुना लागला होता.

"दादा," तो म्हणाला, "पूल पडायचा राहिला."