बिनड्रोनची सहल

अंबडच्या जगन्नाथरावांना निवृत्तीनंतर ड्रोनचा भारी नाद लागला होता. सहल कुठलीही असो, ते रिमोट धरून आभाळाकडे बघत राहायचे आणि व्हिडिओत त्यांच्या पत्नी शरयूताई ठिपक्याएवढ्या दिसायच्या. या वेळी मात्र मुंबईहून क्रूझवर चढतानाच तपासणीत कर्मचाऱ्यांनी ड्रोन काढून घेतला. उतरताना परत देऊ, म्हणाले. जगन्नाथराव दिवसभर रुसून बसले. संध्याकाळी शरयूताईंनीच त्यांना हाताला धरून डेकवर आणलं. कठड्याला टेकून समुद्र बघता बघता त्यांची नजर बायकोकडे वळली आणि तिथंच थांबली.

"शरयू, तुझ्या हनुवटीवर तीळ हाय?"

शरयूताई खुदकन हसल्या.

"लग्नाच्या आधीपासून हाय. वरून दिसत न्हाई तो!"