निशिगंधाचा अर्धा तास

तुळसाकाकीने खांडवीची वडी हातावर ठेवली तेव्हा निशिगंधाला घरातून निघून सातच मिनिटं झाली होती. सात मिनिटांत हे तिसरं घर. पहिल्या घरी नव्या तांदळाची खीर, दुसऱ्या घरी रव्याचा लाडू. दोन्ही पोटात. आणि चालणं किती, तर पाखाडीच्या चाळीस पायऱ्या.

"नको काकी, खरंच नको. डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"गूळ घातलाय गो. साखरेचा दाणा नाही त्यात," काकी म्हणाली आणि पडवीतली खुर्ची पुढे ओढली. "बस. धापा बघ कशा टाकतेस."

धापा चालण्याच्या नव्हत्या, रागाच्या होत्या. सातवा महिना आणि वजन सोळा किलो वाढलेलं. देवरूखच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या मंगळवारी रिपोर्ट तोंडावर फेकला नाही, एवढंच. वजन उतरवायचं नाही, त्या म्हणाल्या, पण आता वाढ आवरायची. भात अर्धा, गोड बंद, रोज अर्धा तास सलग चालायचं. आठ दिवसांनी रक्त परत तपासायचं. साखर उतरली नाही तर रोज इन्शुलिनची सुई, आणि बाळंतपण इथे नाही, सरळ रत्नागिरीला. सुईचं नाव काढलं तरी निशिगंधाचे हात गार पडायचे. येत्या मंगळवारला आता तीन दिवस उरले होते आणि सलग असा अर्धा तास अजून एकदाही झाला नव्हता.

वाडीत कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत. पोटुशी बाई दारावरून तशीच गेली की पोराची लाळ गळत राहते, आणि दोष त्या घराला लागतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे ती चालायला निघाली की अकरा घरं अकरा ताटल्या घेऊन दारापुढच्या खळ्यात उभी. काल तिने लाडू ओढणीत लपवून कुत्र्याला घातला, तर ती घरी पोचायच्या आत सासूला फोन गेलेला. सासूने, कमळाबाईंनी, जेवताना ताटात दोन लाडू वाढले.

नवरा ऋत्विक लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, मग डांबरी रस्त्याने चाल ना. डांबरी रस्त्यानेही ती गेली होती परवा. पहिल्या वळणावर रिक्षा थांबली, ती नको म्हणाली. दुसऱ्या वळणावर ओळखीचा टेम्पो थांबला, त्याने काही ऐकलं नाही. दारात आणून सोडली, वर ऋत्विकला फोन करून झापलं, बायकोला अशी पायी सोडतोस म्हणून.

"आम्ही नववा लागला तरी लावणी लावत होतो," तुळसाकाकी सांगत होती. "चिखलात, ओणव्याने. काय झालं आम्हाला?"

"मग मला नुसतं चालू तरी द्या ना."

"चाल की. कोण नको म्हणतंय? एवढं खा आणि चाल."

निशिगंधाने वडी न चावता गिळली. उठली, चपला घातल्या आणि पुढच्या घराकडे बघितलं. गंगावहिनी आवाराच्या दगडी गडग्याशी वाटी घेऊन उभीच होती. हसत.

निशिगंधा डावीकडे वळली.

डावीकडे एकच वाट जाते. लाल मातीची, रुंद, सपाट, दोन्ही अंगांना काजू. घर एक नाही. वाट व्हाळाच्या पाण्याशी जाऊन संपते, आणि तिथे वाडीची मसणवट. पोटुशीने तिकडे नजरसुद्धा टाकायची नसते.

"अगो, कुठं चाललीस?" काकी खळ्यातून म्हणाली. "निशिगंधा, ती वाट नव्हे."

तिने मोबाइलवर वेळ लावला आणि पाय उचलले. दोन्ही हात मोकळे. कुणी त्यात काही ठेवत नव्हतं. पाठ दुखत होती ती दुखतच राहिली, पण श्वास हळूहळू सरळ झाला. पोटातलं बाळ एकदा फिरलं आणि निवांत झालं.

समोरून गावकार महिपत आला, डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन. वाडीत काय चालतं नि काय नाही ते सांगणारा माणूस हाच. तिला बघून तो वाट सोडून काजूत शिरला.

"महिपतदादा, इथून व्हाळ किती लांब?"

"दहा मिनिटं," तो सवयीने बोलून गेला. मग भारा खाली टाकला. "तू मागे फिर गो पोरी. ही काय फिरायची जागा?"

निशिगंधाने मोबाइल बघितला. पाच मिनिटं झाली होती. पाच आणि दहा पंधरा, परत येताना पंधरा. ती पुढे निघाली.

थोड्याच वेळात मागून हाका यायला लागल्या. तिने एकदाच मान वळवून पाहिलं. पुढे कमळाबाई, पदर खोचून, अनवाणी. त्यांच्या मागे तुळसाकाकी, गंगावहिनी, मग महिपत, मग सगळ्या घरांतली बायामाणसं नि बाप्ये. धावणं कुणाच्याच अंगात नव्हतं. नुसते भराभर चालत होते, धापा टाकत.

"थांब गो," कमळाबाई ओरडल्या. "पाया पडते तुझ्या, थांब."

"थांबायचं नाही सांगितलंय, आई. सलग चालायचं."

ती थांबली नाही, मागचेही थांबले नाहीत. या वाटेने सगळी वाडी अशी एका माणसाच्या मागून नेहमीच येते. पुढचं माणूस आपल्या पायांनी चालतंय, असं मात्र आज पहिल्यांदाच.